दुसऱ्याच्या ओंजळीने

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. पाजणारा कितीही उदार असला तरी ओंजळ त्याची असते, आणि तो हात केव्हा आखडता घेईल याचा नेम नसतो. घरगुती व्यवहारातले हे शहाणपण राष्ट्रांच्या व्यवहारालाही लागू पडते, आणि लढाऊ विमानांच्या बाबतीत तर त्याचा प्रत्यय पदोपदी येतो. लढाऊ विमान म्हटले म्हणजे डोळ्यांपुढे उभे राहते ते त्याचे बाह्य रूप. परंतु ते ज्याच्या बळावर आकाशात झेपावते ते इंजिन आत दडलेले असते. विमानांचे सांगाडे बांधणारे देश जगात पुष्कळ आहेत. लढाऊ विमानाचे इंजिन स्वबळावर घडविणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. चीनने १९५६ पासून लढाऊ विमाने बांधली आणि ती हजारांनी बांधली. तथापि त्या विमानांचे भवितव्य वेळोवेळी ठरले ते इंजिन कोणते मिळते, कोणाकडून मिळते आणि किती दिवस मिळत राहील, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून. या प्रश्नांशी चीनने घातलेल्या झटापटीचा इतिहास साठ वर्षांहून अधिक काळाचा आहे.

जेट इंजिनाचे तत्त्व तसे सोपे आहे. पुढून हवा आत घ्यावयाची, ती दाबावयाची, तीत इंधन जाळावयाचे आणि तापलेला वायू मागे फेकावयाचा. त्या झोताच्या प्रतिक्रियेने विमान पुढे रेटले जाते. बाहेर पडण्यापूर्वी हा वायू टर्बाइन नावाचे चक्र फिरवून जातो, आणि ते चक्र हवा दाबणाऱ्या यंत्राला फिरविते. तत्त्व एवढेच, अडचण आहे ती धातूची. आधुनिक इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवर आदळणारा वायू त्या पात्यांचाच धातू वितळावा इतका तप्त असतो. अशा आचेत ते पाते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तरीही शेकडो तास त्याला तडा जाऊन चालत नाही. नमुना पुढ्यात ठेवला तर पात्याचा आकार मोजता येतो. परंतु तो मिश्रधातू कोणत्या भट्टीत, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने सिद्ध केला, हे मोजपट्टी सांगत नाही. म्हणूनच विमानाची नक्कल होऊ शकते. इंजिनाची सहजासहजी होत नाही.

चीनच्या या इतिहासाचा आरंभ मोठा आशादायक होता. १९ जुलै १९५६ रोजी ईशान्य चीनमधील शेनयांग येथील कारखान्यात बांधलेले पहिले चिनी जेट लढाऊ विमान आकाशात उडाले. ते सोव्हिएत मिग-१७ या विमानाचे चिनी रूप होते आणि पुढे जे-५ या नावाने ओळखले गेले. लढाऊ विमानाला चिनी भाषेत असलेल्या ‘ज्यान’ या नावावरून बाहेरचे जग या सबंध मालिकेला ‘जे’ म्हणते. त्या विमानाचे इंजिनही शेनयांगलाच घडले होते. परंतु त्याची वंशावळ पाहिली तर ती थेट इंग्लंडात जाऊन पोहोचते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या मजूर सरकारने रोल्स-रॉइस कंपनीची ‘नीन’ जातीची इंजिने सोव्हिएत संघाला विकण्यास परवानगी दिली. सोव्हिएत अभियंत्यांनी त्यांची नक्कल केली, तीत सुधारणा केल्या, आणि तेच सुधारलेले इंजिन पुढे शेनयांगच्या कारखान्यात आले. भारतीय वायुदलात १९५३ मध्ये दाखल झालेल्या ‘तूफानी’ या फ्रेंच विमानातही याच नीन इंजिनाचा फ्रान्समध्ये तयार झालेला अवतार होता. एकाच इंग्रजी मुळाच्या फांद्या अशा दूरदूर पसरल्या होत्या.

जे-५ नंतर मिग-१९ वर आधारलेले जे-६ आले. परंतु १९५८ पासून ‘मोठी झेप’ घेण्याच्या ईर्षेने सारा देश घाईला आला होता, आणि त्या घाईत बांधलेली कित्येक विमाने सदोष म्हणून पुन्हा कारखान्यात आणावी लागली. तोच १९६० च्या उन्हाळ्यात मॉस्को आणि पेकिंग यांच्यातील वितुष्ट विकोपाला गेले आणि सोव्हिएत सरकारने चीनमधील आपले सुमारे १,४०० तज्ज्ञ काही आठवड्यांत परत बोलाविले. ओंजळ अशी अकस्मात दूर झाली. १९६१ मध्ये मिग-२१ विमानाच्या परवान्याचा एक करार झाला खरा, परंतु बिघडलेल्या संबंधांमुळे कागदपत्रे अपुरी आली. योगायोग असा की पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६२ मध्ये, भारतानेही त्याच मिग-२१ ची निवड केली. भारताला सोव्हिएत साहाय्य अखंड मिळत राहिले. नाशिकजवळ ओझर येथे विमानाचा आणि ओरिसातील कोरापुट येथे त्याच्या इंजिनाचा कारखाना उभा राहिला. चीनला मात्र त्याच इंजिनाचे कोडे अर्ध्या कागदांवरून सोडवावे लागले. जे-७ हे चिनी मिग-२१ जानेवारी १९६६ मध्ये उडाले.

याच सुमारास चिनी विमानशास्त्रज्ञांपुढे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला. उंचावरून येणाऱ्या बॉम्बफेकी आणि टेहळणी विमानांना गाठील असे, मिग-२१ हून वेगवान आणि अधिक उंच जाणारे विमान हवे होते. १९६४ च्या विचारविनिमयात दोन मार्ग पुढे आले. मिग-२१ च्याच इंजिनात सुधारणा करून त्याचा रेटा सुमारे सहा टनांवर न्यावा आणि तशी दोन इंजिने एका विमानात बसवावीत, हा पहिला मार्ग. सुमारे बारा टन रेट्याचे एक संपूर्ण नवे टर्बोफॅन इंजिन घडवावे आणि त्याच्याभोवती विमान बेतावे, हा दुसरा. दोन सहा आणि एक बारा, बेरीज दोहींकडे सारखीच. दुसरा मार्ग अधिक आधुनिक आणि अधिक मोहक होता. परंतु त्या मार्गावरचे इंजिन अद्याप केवळ कागदावर होते. शेनयांगच्या संस्थेतील मुख्य अभिकल्पक हुआंग झिछियान यांनी हाताशी असलेल्या दोन इंजिनांचा मार्ग उचलून धरला. त्यातून जे-८ विमानाची योजना निघाली आणि मे १९६५ मध्ये तिला मान्यता मिळाली. त्याच महिन्याच्या २० तारखेला, परदेश प्रवासाला निघाले असता, कैरोजवळ झालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातात हुआंग यांचा अंत झाला.

हाताशी असलेले इंजिन म्हणजे तयार इंजिन नव्हे. रेटा वाढवावयाचा तर वायूचे तापमान सुमारे शंभर अंशांनी वाढविणे प्राप्त होते, आणि जुनी भरीव पाती ती आच सोसणारी नव्हती. पाते आतून पोकळ करून त्यात थंड हवा खेळविणे हाच उपाय होता. हे काम शेनयांगच्या धातुसंशोधन संस्थेतील शी चांगशू यांच्याकडे आले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९५५ मध्ये मायदेशी परतलेला हा धातुशास्त्रज्ञ. पाते होते वीतभरही नाही, सुमारे शंभर मिलिमीटर लांबीचे. त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ बारीक वाटा ठेवावयाच्या होत्या. ओतकामाच्या साच्यात केसासारख्या नळ्या बसवावयाच्या, धातू ओतावयाचा, आणि मग पात्याला धक्का न लावता त्या नळ्या आतून काढून टाकावयाच्या, अशी ती नाजूक करामत होती. शी आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९६० च्या दशकाच्या मध्यास साध्य केली. या एका पात्याने जे-८ चा मार्ग मोकळा झाला. ५ जुलै १९६९ रोजी ते विमान पहिल्यांदा उडाले, परंतु सांस्कृतिक क्रांतीच्या उलथापालथीत त्याचे पुढचे काम रखडले, आणि त्याच्या रचनेवर अखेरचे शिक्कामोर्तब व्हावयास १९८० हे साल उजाडावे लागले.

दुसऱ्या मार्गाची कहाणी याहून करुण आहे. तो मार्गही सोडून दिलेला नव्हता. एका मोठ्या इंजिनाचे विमान जे-९ या नावाने कागदावर आकार घेऊ लागले, आणि त्याच्यासाठी डब्ल्यूएस-६ या टर्बोफॅन इंजिनाचे काम १९६४ पासून सुरू होते. परंतु विमानाच्या अपेक्षा वरचेवर वाढत गेल्या. अधिक वेग, अधिक उंची, अधिक पल्ला. अपेक्षा वाढली की इंजिनाचे गणित बदले; इंजिनाला उशीर झाला की विमानाची रचना जुनी ठरे. विमान इंजिनाची वाट पाहत राहिले आणि इंजिन विमानाची. अखेर १९८० च्या सुमारास जे-९ ची योजना बंद झाली. त्याच सुमारास ते इंजिन चाचणीच्या खोलीत अपेक्षित रेटा देऊ लागले होते. परंतु आता ते बसवावयाचे कोणत्या विमानात? काही काळाने डब्ल्यूएस-६ चेही काम थांबविण्यात आले. सुमारे वीस वर्षांचे श्रम होते ते. चुकीच्या इंजिनामुळे ते वाया गेले असे म्हणता येणार नाही. एका विमानाच्या नशिबाशी एक इंजिन जखडून टाकले, आणि एक बुडाले तेव्हा दुसरेही बुडाले.

घरचे इंजिन मार्गी लागत नसताना बाहेरचे आणण्याचे प्रयत्नही चालूच होते. डिसेंबर १९७५ मध्ये चीनने रोल्स-रॉइस कंपनीशी ‘स्पे’ या इंजिनाच्या परवान्याचा करार केला. ब्रिटनच्या फँटम विमानांना बसविलेले हे इंजिन. शियान येथे त्याची जुळणी झाली आणि चिनी हातांनी जुळविलेली इंजिने ब्रिटनमधील चाचण्यांतही उतरली. परंतु जुळणी निराळी आणि निर्मिती निराळी. त्या इंजिनावर बेतलेले जेएच-७ हे विमान डिसेंबर १९८८ मध्ये उडाले, आणि त्याचे देशी घटकांनी सिद्ध झालेले इंजिन मान्य व्हावयास नवे शतक उजाडले. कराराची शाई वाळल्यापासून पाव शतकाहून अधिक काळ लोटला होता. परवाना विकत मिळतो, अनुभव मिळत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

१९८० चे दशक हे मोठ्या निर्णयांचे दशक ठरले. १९८६ मध्ये चेंगडू येथे सुंग वेन्त्सुंग यांच्या नेतृत्वाखाली जे-१० या नव्या एक-इंजिनी विमानाचे काम सुरू झाले, आणि पाठोपाठ त्याच ताकदीच्या देशी टर्बोफॅन इंजिनाचेही. तायहांग पर्वताचे नाव मिळालेले हे इंजिन म्हणजे डब्ल्यूएस-१०. जे-९ आणि डब्ल्यूएस-६ यांचीच ही पुनरावृत्ती होणार की काय, अशी शंका येण्याजोगी परिस्थिती होती. त्यातच जून १९८९ मध्ये तिएनआनमेन चौकात रक्तपात झाला आणि पाश्चात्त्य देशांनी चीनला शस्त्रास्त्रे विकणे थांबविले. एक दार बंद झाले. परंतु सोव्हिएत संघ विघटनाच्या वाटेवर होता, त्याच्या कारखान्यांना गिऱ्हाईक हवे होते, आणि तीस वर्षांपूर्वी बंद झालेले दुसरे दार पुन्हा उघडले.

१९९१ च्या करारान्वये पुढल्या वर्षापासून सुखोई-२७ विमाने चीनमध्ये येऊ लागली. नंतर अशी २०० विमाने शेनयांगला बांधण्याचा परवानाही मिळाला. परंतु या परवान्यात एक मेख होती. विमान शेनयांगला जुळावयाचे, इंजिन मात्र रशियाहून तयार यावयाचे. सुमारे शंभर विमाने जुळविल्यानंतर ही व्यवस्था थांबली आणि चीनने स्वतःच्या रूपांतराकडे मोर्चा वळविला. सांगाडा आता चिनी कारागिरांच्या हातात बसला होता. इंजिनाची किल्ली मात्र मॉस्कोतच होती.

जे-१० च्या बाबतीत खरी कसोटी याच काळात लागली. विमानाची रचना पुढे सरकत होती. देशी इंजिन तयार होण्याची चिन्हे नव्हती. थांबावे, तर जे-९ ची गत. तेव्हा सुखोईचेच एएल-३१ हे रशियन इंजिन घेण्याचे ठरले. या इंजिनाची उपयंत्रे चालविणारी दातेरी चाकांची पेटी सुखोईमध्ये वरच्या बाजूस असते; जे-१० च्या पोटात ती मावेना. मॉस्कोच्या ‘साल्यूत’ कारखान्याने ती खालच्या बाजूस नेऊन खास आवृत्ती सिद्ध केली आणि २३ मार्च १९९८ रोजी चेंगडूला जे-१० उडाले. परंतु या निर्णयाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. परके इंजिन घेतले म्हणून घरच्या इंजिनाचे काम बंद केले गेले नाही. डब्ल्यूएस-१० ला आता जे-१० च्या वेळापत्रकाशी शर्यत लावावी लागत नव्हती. त्याला चुका करावयास अवधी मिळाला.

आणि चुका पुष्कळ झाल्या. २००५ च्या अखेरीस त्या इंजिनाच्या रचनेला मान्यता मिळाली तरी त्याच्या विश्वसनीयतेच्या तक्रारी संपल्या नाहीत. येथे चीनने एक सावध शहाणपण दाखविले. नवे इंजिन प्रथम बसविले ते शेनयांगच्या दोन इंजिनांच्या विमानांत. एक इंजिन आकाशात बंद पडले तरी दुसऱ्याच्या आधाराने वैमानिक परतू शकतो. एका इंजिनाच्या जे-१० ला मात्र पुढेही कित्येक वर्षे रशियन इंजिनच देण्यात आले. त्यासाठी शेकडो इंजिने विकत घ्यावी लागली. ज्या विमानात दुसरी संधी नसते, त्यात देशी इंजिन सर्वांत शेवटी आले. देशाभिमानाने घाई केली असती तर तिची किंमत वैमानिकांनी मोजली असती.

ऑगस्ट २०१६ मध्ये चीनने विमान बांधणाऱ्या सरकारी महामंडळापासून इंजिनांचे काम वेगळे काढले आणि त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. डब्ल्यूएस-६ च्या अंतातून मिळालेला धडाच जणू त्यात नोंदला गेला: इंजिनाला स्वतःचे घर हवे, स्वतःचा पैसा हवा आणि स्वतःचे घड्याळ हवे. याच सुमारास, २०१५ च्या करारान्वये, रशियाकडून २४ सुखोई-३५ विमानेही चीनने घेतली. विकत घेण्याला त्याने कमीपणा मानला नाही. चेंगडूचे जे-२० हे रडारला चकविणारे विमान ११ जानेवारी २०११ रोजी उडाले, तेव्हा त्याच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत रशियन इंजिनेच होती. २०२१ मध्ये झुहाई येथील प्रदर्शनात तेच विमान देशी इंजिनांसह लोकांपुढे आले.

या साऱ्याचा भारताशी संबंध काय, हे दोन प्रसंगांवरून स्पष्ट होते. चीन आणि पाकिस्तान यांनी मिळून सिद्ध केलेल्या जेएफ-१७ विमानाला आरडी-९३ हे रशियन इंजिन होते. ते पाकिस्तानला देण्यास रशियाची संमती लागे; म्हणून दिल्लीने मॉस्कोकडे आपला आक्षेप नोंदविला. २००७ मध्ये रशियाने अखेर संमती दिली, परंतु तोवर तो व्यवहार अडलेला होता. पुढे २०२२ मध्ये पाकिस्तानी वायुदलात जे-१० दाखल झाले, ते चिनी इंजिन घेऊन. या वेळी तिसऱ्या देशाच्या संमतीचा प्रश्नच उद्भवला नाही. दिल्लीला ठोठावण्यास दारच उरले नव्हते. इंजिनाच्या स्वावलंबनाने एका देशाच्या परराष्ट्रनीतीची कक्षा कशी रुंदावते आणि शेजाऱ्याची कशी आकसते, याचा हा धडधडीत पुरावा होय.

भारतानेही हे कोडे चीनच्याच आसपास हाती घेतले होते. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूरला सिद्ध झालेले ‘मरुत’ हे विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. ध्वनीच्या दुप्पट वेगाची आकांक्षा धरून त्याची रचना झाली होती. परंतु अपेक्षित इंजिनाचा विकास ब्रिटनमध्ये सोडून देण्यात आला आणि त्याचा खर्च उचलण्यास भारत तयार झाला नाही. परिणामी अशक्त ऑर्फियस इंजिनांवरच मरुतला समाधान मानावे लागले आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपासच ते अडकून पडले. १९७१ च्या युद्धात त्याने चांगली कामगिरी बजावली, तरी इंजिनाअभावी त्याचा वंश पुढे चालला नाही. पुढे ‘तेजस’ विमानासाठी ‘कावेरी’ इंजिन घडविण्याचे काम सुरू झाले. तेजस ४ जानेवारी २००१ रोजी अमेरिकन इंजिनावर उडाले, आणि २००८ मध्ये कावेरी तेजसपासून अलग करण्यात आले. हे अलग करणे चुकीचे नव्हते. चीननेही जे-१० च्या बाबतीत तेच केले. प्रश्न आहे तो अलग केल्यानंतरच्या जोपासनेचा. तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी २०२१ मध्ये ९९ अमेरिकन इंजिनांची मागणी नोंदविली गेली. त्यांतले पहिले हाती पडले मार्च २०२५ मध्ये. तोवर सांगाडे कारखान्यात इंजिनाची वाट पाहत उभे होते.

चीनच्या या इतिहासाला विजयगाथा म्हणावयाचे कारण नाही. त्यात वाया गेलेली दोन दशके आहेत, घाईने बांधलेली सदोष विमाने आहेत, आणि परक्यांना मोजलेला अमाप पैसा आहे. परंतु त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्यात लाज नाही. तहान लागली असता प्यावेच लागते. परंतु पिता पिता आपली विहीर खणणे थांबवू नये. शी चांगशू यांनी वीतभरही नसलेल्या पात्यात नऊ वाटा ठेवल्या तेव्हापासून जे-१० ला देशी इंजिन मिळेपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला. विहिरीला पाणी लागावयास एवढा काळ लागतो, हे ज्याला ठाऊक असते तो चार हात खणून कुदळ खाली ठेवीत नाही.